कोरी जागा

तळेरे हे गाव ज्यांनी मुंबई-गोवा मार्गावरून जाताना गाडीच्या खिडकीतूनच काय ते पाहिले असेल, त्यांना ते गाव म्हणून क्वचितच आठवत असेल. चहाचे एखादे दुकान, एस.टी.चा थांबा आणि रस्त्याकडेच्या पाटीवरील चार नावे एवढ्यातच त्यांची आठवण आटोपत असेल. परंतु ज्याचे सारे आयुष्य डोळ्यांच्या उद्योगात गेले आहे, त्याला ती चार नावे पुरेशी आहेत. उत्तरेस खारेपाटणावरून मुंबईकडे, दक्षिणेस कणकवली-कुडाळावरून सावंतवाडीकडे, पूर्वेस वैभववाडी मागे टाकून गगनबावड्याच्या घाटाने कोल्हापूरकडे आणि पश्चिमेस विजयदुर्गाच्या बंदराकडे, अशा चार वाटा या गावाच्या शिवेत एकमेकींना भेटतात. अशा जागेला आमच्या मुलखात चव्हाटा म्हणतात. चव्हाटा ही मोकळी जागा खरी, पण ती निर्जीव मानीत नाहीत. तेथे राखणदाराचा वास असतो, तेथे नारळ ठेवला जातो आणि तेथून जाताना जाणती माणसे क्षणभर आवाज खाली घेतात. मोकळ्या जागेत काहीतरी वसते हा संस्कार मला शाळेतील पहिल्या धड्याच्याही आधी मिळाला. तो चित्रकलेलाही लागू आहे हे कळण्यास मात्र अर्धे आयुष्य जावे लागले.

आरंभीची कित्येक वर्षे मी कागद भरीत असे. श्रावणातला सडा समोर असावा, कातळाच्या खळग्यांत पाणी साचलेले असावे, त्याच्या कडेने सीतेच्या आसवांच्या फुलांची जांभळी साय धरलेली असावी, आणि यांतील एकही वस्तू कागदावर यावयाची राहू नये म्हणून मी एखाद्या दप्तरी कारकुनाच्या चोखपणाने फूल, पान आणि दगड यांची नोंद करीत बसावे, असा माझा क्रम होता. नोंद अचूक होई; चित्र मात्र होत नसे. जे मी पाहिले होते ते सारे त्यात असे, आणि तरीही त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या मनुष्याला त्यात शिरावयास वाट नसे. हा दोष हाताचा नसून पाहण्याविषयीच्या माझ्या समजुतीचा होता. डोळा ही एक खिडकी असून तिच्यातून जग आत येते व चित्रकार ते पुन्हा बाहेर काढून कागदावर ठेवतो, असे मी धरून चाललो होतो. ही समजूत कशी खोटी आहे ते या चार वाटांवर ज्यांनी माझ्या आधी पाहण्याची साधना केली त्यांच्या इतिहासाने मला शिकविले, म्हणून तो इतिहास येथे नमूद करीत आहे.

पश्चिमेच्या वाटेने प्रथम जाऊ. १८९८ सालच्या २२ जानेवारीस झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आमच्या किनाऱ्यावरून पुढे मध्य हिंदुस्थानात गेला होता. कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी पुण्याहून आपली उपकरणे नेऊन सोलापूरच्या लोहमार्गावरील जेऊर येथे तळ दिला, आणि विलायतेतील विख्यात ज्योतिर्विद नॉर्मन लॉकयर यांनी विजयदुर्गाचा किल्ला निवडला. किल्ल्यावरील काही चौथरे आजही ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दाखविले जातात, आणि हेलियम वायूचा शोध याच ओट्यांवर लागला असे पुष्कळ लोक प्रेमाने सांगतात. वस्तुस्थिती निराळी आहे. १८६८ सालच्या ग्रहणानंतर लॉकयर यांनी सूर्यप्रकाशातील ती पिवळी रेषा इंग्लंडातच अभ्यासिली होती, आणि ते विजयदुर्गी आले त्याच्या तीन वर्षे आधीच, १८९५ साली, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झे यांना तो वायू पृथ्वीवरही सापडला होता. पण किल्ल्यावर जे घडले ते चित्रकाराच्या दृष्टीने हेलियमपेक्षा कमी मोलाचे नाही.

लॉकयर यांच्या साहाय्यास ‘मेलपोमीनी’ या आरमारी जहाजावरील अधिकारी व खलाशी होते. त्यांना निरनिराळी कामे वाटून देऊन ग्रहणाच्या आधी त्यांच्याकडून कवाईत करून घेण्यात आली, आणि त्या कामांत सूर्याचा किरीट, म्हणजे बिंबाभोवतीचे तेजोवलय, हाताने रेखाटण्याचेही एक काम होते. ज्यांचे हात दोरखंडांना सरावलेले, त्यांच्या हाती पेन्सिल देऊन, अवघ्या सुमारे दोन मिनिटांच्या अंधारात, जन्मात एकदा दिसणारी वस्तू टिपावयास त्यांना बसविण्यात आले, हा प्रसंग मी विजयदुर्गाच्या तटावर उभा राहून अनेकदा मनाशी रंगविला आहे. त्या शतकातील ग्रहणांचा अनुभव असा की, एकाच क्षणी, एकाच ठिकाणी बसून निरनिराळ्या मनुष्यांनी काढलेली किरीटाची चित्रे एकमेकांशी जुळत नसत. कोणाला लांब पाकळ्या दिसत, कोणाला गोल झालर, कोणाला एकाच दिशेस वाहत गेलेला धूर. छायाचित्रण आल्यावर शास्त्रज्ञांनी हातची चित्रे क्रमाने मागे टाकली याचे कारणही तेच. शास्त्राच्या दृष्टीने हा निरीक्षकांचा दोष ठरला आणि तो तसा ठरणे योग्यही होते. मला मात्र त्यात पाहण्याचे स्वरूपच उघडे झालेले दिसते. डोळा प्रकाश घेतो. आकृती मन घडविते, आणि ती घडविताना आपली स्मृती, आपले भय व आपली अपेक्षा यांतून माती घेते.

याच ग्रहणातून आणखी एक गोष्ट मी उचलली. किरीट आकाशात नित्य असतो. आपण त्याला पाहत नाही याचे कारण तो नाही हे नसून सूर्य फार आहे हे आहे. जे सर्वांत ठळक ते झाकले गेल्यावाचून जे सर्वांत नाजूक ते प्रकट होत नाही. चंद्र आकाशात जे दोन मिनिटे करतो ते चित्रकाराला कागदावर जन्मभर करावयाचे असते, आणि चित्रातील कोणती ठळक वस्तू झाकावी, कोणती वगळावी, हे कळणे हीच त्याची विद्या होय.

विजयदुर्गाकडील याच पश्चिम अंगाला देवगड तालुक्यात पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचे जन्मगाव आहे. १८३२ साली त्यांनी मराठीतील पहिले वृत्तपत्र काढले आणि त्याला ‘दर्पण’ हे नाव दिले. पुढे १८४५ साली ज्ञानेश्वरी प्रथम छापून काढण्याचे श्रेयही त्यांच्याकडेच जाते. एकाच पुरुषाच्या हातून दर्पण आणि ज्ञानदेव ही दोन्ही कार्ये व्हावीत हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो, कारण दर्पणाचा दृष्टान्त ज्ञानदेवांनी ज्या खोलीने वापरला आहे तितक्या खोलीने तो आमच्या भाषेत पुन्हा वापरला गेला नाही. परंपरा सांगते की, योगी चांगदेवांना ज्ञानदेवांस पत्र लिहावयाचे होते. परंतु वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की अधिकाराने मोठे म्हणून नमस्कार, हे न उमगल्यामुळे त्यांनी कोरेच पत्र धाडले. त्या कोऱ्या पत्राचे उत्तर म्हणजे ‘चांगदेव पासष्टी’. द्रष्टा, दृश्य आणि दर्शन ही त्रिपुटी मुळात एकाच वस्तूचा विलास आहे हा तिचा सिद्धान्त, आणि आरशात स्वतःचेच मुख पाहणारा मनुष्य हा त्याचा दृष्टान्त. तत्त्वज्ञाने त्यात अद्वैत पाहावे. मी चित्रकार असल्याने त्यात माझ्या धंद्याचे रहस्य पाहतो. पाहणारा एका बाजूस, पाहिलेले दुसऱ्या बाजूस आणि मध्ये डोळ्याची खिडकी, ही माझी मूळची मांडणी त्या पासष्ट ओव्यांपुढे टिकली नाही. आरशाला स्वतःचा चेहरा नसतो म्हणूनच त्यात चेहरा उमटतो, आणि चांगदेवांचे पत्र कोरे होते म्हणूनच त्याला एवढे उत्तर मिळू शकले.

पूर्वेच्या वाटेवर फार रेंगाळत नाही, जरी घाट चढून गेल्यावर लागणारे कोल्हापूर हे चित्रकारांचे माहेर म्हणावे असे शहर आहे. तेथे शाहू महाराजांच्या आश्रयास असलेले आबालाल रहिमान कोटितीर्थ आणि रंकाळा यांच्या परिसरातील तीच ती पाणथळ निसर्गदृश्ये रंगवीत राहिले. १९३१ साली ते निवर्तले. मुंबईच्या कलाशाळेत शिकून आलेल्या या मनुष्याने जगाच्या विस्तारापेक्षा एका तळ्याची खोली पत्करली. तळे तेच राहते, पाहणारा रोज निराळा होऊन येतो. त्या नित्य बदलणाऱ्या पाहणाऱ्याची नोंद ठेवावयाची तर दृश्य स्थिर असणे सोयीचेच. घाटावरून परतताना करूळच्या वळणांवर धुके उतरते आणि समोरची दरी नाहीशी होते, तेव्हा आबालालांची मला आठवण होते आणि दरी आता अधिक जवळ आली आहे असे वाटते.

आता दक्षिणेची वाट, आणि तिच्यावर मला मुक्काम करावयाचा आहे. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात, गुढीपूर या वस्तीत, ठाकर समाजाची घरे आहेत. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ आणि चित्रकथी या कला या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. सावंतवाडीच्या भोसल्यांचा त्यांना आश्रय होता, आणि कोणत्या कुटुंबाने कोणत्या देवळात खेळ करावा याची वहिवाट ठरलेली होती असे जुनी माणसे सांगत. चित्रकथी म्हणजे चित्रे दाखवून कथा सांगणारा. आणि एका आख्यानाच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. हा शब्द ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्या पोथीत अक्षर नसते, तरी ती पोथीच, कारण ती वाचली जाते. वाचणारा मात्र एकटा नसतो, तर देवळाच्या सभामंडपात बसलेला सगळा गाव तिचा वाचक असतो.

प्रयोगाची रीत साधी आहे. रात्रीची वेळ, समईचा उजेड, वीणा, हुडूक आणि टाळ यांचा नाद. मुख्य कथेकरी एकेक चित्र पुढे धरतो, गातो, गद्यात समजावितो, साथीदार त्याचा शब्द उचलतात, मग ते चित्र मागे जाते आणि दुसरे पुढे येते. आख्याने रामायण-महाभारतातील, पण त्यांत या मातीतले प्रसंग मिसळलेले. कागदाच्या पाठीस पाठ लावून दोन चित्रे चिकटविलेली असतात, त्यामुळे एक उलटताच दुसरे सामोरे येते, आणि प्रेक्षकाच्या दृष्टीने एका क्षणी वन असते तेथे दुसऱ्या क्षणी रणभूमी होते.

ही चित्रे दिवसाच्या उजेडात, कथेवाचून, प्रथम पाहणाऱ्याला बहुधा अपुरी वाटतात, आणि मलाही ती तशीच वाटली होती हे मी प्रांजळपणे सांगतो. आकृतीची रेषा ठाम, डोळे मोठे, वस्त्रांवर नक्षी. पण पाठीमागे क्षितिज नाही, आकाश नाही, सावली नाही, आकृतीभोवतीचा कागद बहुतेक कोराच. जो मनुष्य सड्यावरील एकेक फूल मोजण्यात मोठा झाला त्याला हे दारिद्र्य वाटावे यात नवल नाही. पुढे एका रात्री, समईच्या हलत्या ज्योतीपाशी, तीच चित्रे गाण्याच्या संगतीत पाहण्याचा योग आला. कथेकऱ्याने अरण्य उच्चारले आणि त्या कोऱ्या जागेत अरण्य उभे राहिले; हुडकाचा आवाज चढला आणि त्याच कोऱ्या जागेत सैन्याची धूळ उडाली. तेव्हा मला समजले की, चित्रकाराने ती जागा आळसाने वा अज्ञानाने सोडलेली नाही. तो तिचा मालक नाही हे त्याला ठाऊक आहे. ती जागा श्रोत्याची आहे. त्याच्या घरामागचे जे रान, त्याने ऐकलेली जी लढाई, ती तेथे यावयाची आहे, आणि चित्रकाराने आपले रान तेथे आधीच रंगवून ठेवले तर श्रोता बाहेरच उभा राहील. माझ्या सड्याच्या चित्रांत लोक का शिरत नसत याचे उत्तर मला त्या रात्री मिळाले.

१९४८ साली सावंतवाडी संस्थान विलीन झाले आणि दरबारचा आधार गेला. परंतु चित्रकथीच्या उताराचे कारण सनदा आणि इनामे यांच्या इतिहासात पुरतेपणी सापडेल असे मला वाटत नाही. आश्रयदाता जाऊनही कला तग धरते, कारण गाव तिला पोसू शकतो. श्रोत्याच्या मनातली कोरी जागा गेली म्हणजे मात्र तिला पोसणारे कोणीच उरत नाही. पडद्यावर अरण्य पानापानासह तयार मिळू लागले, आणि ज्याला अरण्य स्वतः उभे करण्याची सवय राहिली नाही त्याला समईपुढचा तो कागद रिकामा वाटू लागला. ही हानी पिंगुळीची एकटीची नाही, आपणा सर्वांच्या चित्तशक्तीची आहे, आणि तिच्याविषयी मला मनापासून दुःख आहे. तरीही पिंगुळीने दिवा विझू दिला नाही. मणि कौल यांनी १९७७ साली या कलेवर ‘चित्रकथी’ हा चित्रपट केला. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याच्या जागेत ठाकर कलांचे संग्रहालय उभारले, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही चित्रकथींच्या जुन्या चित्रांचा संग्रह आहे. काचेआडची ती चित्रे सुरक्षित आहेत याचे समाधान वाटते. मात्र ती पाहताना मला सारखा हुडकाचा आवाज हवासा होतो.

याच वाटेवर आणखी पुढे सावंतवाडी. लाखेचे काम करणाऱ्या चिताऱ्यांच्या आणि दशावतारी गंजिफांच्या या गावी १८८२ साली सावळाराम लक्ष्मण हळदणकर जन्मले. समईच्या प्रकाशात उजळलेल्या स्त्रीचे त्यांचे जलरंगातील चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताची ओंजळ ज्योतीआड, आणि बोटांच्या फटींतून झिरपणारा तांबूस उजेड. असे सांगतात की त्यासाठी त्यांची कन्याच समोर उभी राहिली होती. ज्यांनी पारदर्शक जलरंग हाताळले आहेत त्यांना या चित्राची खरी अवघडता कळेल. त्या माध्यमात पांढरा रंग लावावयाचा नसतो. जो उजेड चित्रात सर्वांत प्रखर दिसतो तो खाली राखून ठेवलेला कोरा कागद असतो. एकदा त्यावर रंग चढला की तो उजेड परत मिळत नाही. म्हणून प्रकाश कोठे राहू द्यावयाचा याचा निश्चय पहिला कुंचला भिजविण्यापूर्वीच करावा लागतो, आणि मग तासन्‌तास भोवतीचा अंधार रंगवीत, त्या इवल्याशा कोऱ्या जागेला स्पर्श न करण्याचा संयम पाळावा लागतो. चित्रातील ती स्त्री जशी हाताच्या आडोशाने ज्योत जपते, तसाच चित्रकारही जपतो.

उरली उत्तरेची वाट. गेल्या शतकात आमच्या मुलखातील घरटी एक माणूस या वाटेने मुंबईस गेला. कोणी गिरणीत, कोणी छापखान्यात, कोणी कलाशाळेत. कांदळगावात बालपण काढलेले मारुती कांबळी त्यांतलेच. मुंबईत विडीचे दुकान चालवीत असताना त्यांना सिद्धरामेश्वर महाराजांचा उपदेश लाभला आणि जग त्यांना निसर्गदत्त महाराज म्हणून ओळखू लागले. ‘मी आहे’ ही जी नुसती जाणीव, जिला अजून नाव, रूप आणि नाते चिकटलेले नाही, तिच्यापाशी थांबावयास ते सांगत. त्यांच्या विचारांचा संस्कार झालेल्यांत गोमंतकीय कुळातील चित्रकार वासुदेव गायतोंडे होते. आपल्या चित्रांना अमूर्त म्हणण्यापेक्षा वस्तुनिरपेक्ष म्हणणे ते पसंत करीत. वर्षाकाठी मोजकीच चित्रे त्यांच्या हातून होत, कारण चित्र काढण्यापेक्षा चित्राची वाट पाहण्यात त्यांचा काळ अधिक जाई.

आणि याच मुंबईत, अलिबागजवळच्या नागाव येथे १९३६ साली जन्मलेले प्रभाकर बरवे चित्रे काढीत होते. विणकर सेवा केंद्राच्या नोकरीत काही वर्षे काशीस राहिलेले, घड्याळ, पान, पीस, फळ अशा रोजच्या वस्तूंना त्यांच्या नेहमीच्या नात्यांतून सोडवून मोकळ्या अवकाशात ठेवणारे, आणि जन्मभर आपल्या पाहण्याची टिपणे वह्यांत करून ठेवणारे हे चित्रकार. १९९० साली त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मौज प्रकाशनाने प्रसिद्ध केले. वस्तू आणि तिची प्रतिमा, आकार आणि अवकाश, दिसणे आणि कळणे यांचा शोध एका मराठी चित्रकाराने मराठीतच, स्वतःच्या कामातून उचललेल्या शब्दांत घेतला, ही आपल्या भाषेच्या इतिहासातील लहान घटना नव्हे. १९९५ साली बरवे गेले. ते शीर्षक प्रथम वाचले तेव्हा मला चांगदेवांचे पत्र आठवले. दोहोंच्या मध्ये शतके गेली असली तरी प्रश्न एकच आहे. ज्याला कसे संबोधावे हे कळत नाही त्याच्यापुढे प्रामाणिक मनुष्याने काय ठेवावे? चांगदेवांनी कोरे पत्र ठेवले. चित्रकार रोज सकाळी तेच करतो.

अलीकडे महामार्ग रुंद झाला आहे, वाहनांना थांबण्याची फारशी गरज उरलेली नाही. मी मात्र पहाटे चव्हाट्यावर जातो. पावसाळ्यात अशा वेळी धुके इतके दाट असते की चारांपैकी एकही वाट दिसत नाही. कोठून तरी एस.टी.चा आवाज येतो आणि मग पिवळसर उजेडाचे दोन ठिपके उमटतात. घरी येऊन मी कागद ओला करतो, आणि रंगाची वाटी जवळ ओढण्यापूर्वी, जेथे काही करावयाचे नाही ती जागा बोटाने हलकेच आखून ठेवतो. परवा शेजारचा एक मुलगा माझे असे एक चित्र बराच वेळ पाहत उभा होता. मी केवळ धुके आणि एक झाडाची फांदी रंगविली होती. तो म्हणाला, “काका, ही आमच्या आजीच्या घरची वाट.” त्याच्या आजीचे घर मी पाहिलेले नाही.